वय पेटीचे, की किमतीचे?

माझा जन्म १ जूनचा. निदान सरकारदरबारी तरी तसाच आहे. खरा कधीचा, हे आई सांगत असे: "पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाऊस नुसता मी म्हणत होता." पण वडील शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मास्तरांना पोळा नको होता, तारीख हवी होती, आणि तारीख ठाऊक नसली की १ जून लिहून मोकळे व्हायचे, हा त्या काळी आपल्याकडच्या मास्तरांचा परिपाठच होता. जूनमध्ये शाळा उघडे, हिशेब सोपा जाई. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येत आणि एकाचाही साजरा होत नसे.

हे पुराण एवढ्याचसाठी की, म्हातारपणी त्या मास्तरांचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात रेडिओ उघडायला शिकलो, पुढे नोकरीने कॅलिफोर्नियात आणून टाकले, आणि निवृत्तीनंतर घराच्या गॅरेजात मी जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करू लागलो. गिटारवाल्यांचे ॲम्प्लिफायर. लाकडी पेटी, पोटात कर्णा, वर व्हॉल्व्ह. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही पेटी परकी वाटणार नाही. दोघांचे गोत्र एकच. पूर्वी लोक पेटी घेऊन येत आणि म्हणत, "वाजत नाही, बघा." आता येतात आणि म्हणतात, "वाजते छान, पण साल कोणते ते सांगा." माझे भांडण आहे ते ह्या दुसऱ्या मंडळींशी.

वय काढण्याची विद्या खोटी आहे असे मात्र मी म्हणत नाही. विद्या खरी आहे आणि मोठी गोडही आहे. फुलर्टन गावच्या फेंडर कंपनीची पेटी घ्या. आत एक कागद चिकटवलेला असतो, कोणता व्हॉल्व्ह कुठे बसवायचा ते सांगणारा. पन्नास-साठच्या दशकांतल्या पुष्कळ पेट्यांत त्यावर दोन अक्षरांचा शिक्का सापडतो. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. 'ए' म्हणजे १९५१. तिथून बोटे मोजत गेलात की 'एन'ला १९६४ येते. पुढे 'सी' असेल तर मार्च. इतके सोपे! पण कागदच तो. फाटतो, जळतो, कधी शिक्का मारायचाच राहून गेलेला असतो. आणि जुन्यासारखे छापलेले नवे कागद आता बाजारात विकतही मिळतात.

म्हणून खरा कारागीर भागांकडे वळतो. अमेरिकेत सुटे भाग करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला एक क्रमांक होता. १३७ म्हणजे सीटीएस, आवाज कमीजास्त करण्याचे कंट्रोल बनवणारे. ६०६ म्हणजे शूमाकर, ट्रान्सफॉर्मरवाले. २२० म्हणजे जेन्सन आणि ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, हे कर्णेवाले. ह्या क्रमांकापुढे वर्ष आणि वर्षातला आठवडा ठोकलेला असतो. कंट्रोलवर १३७६४२२ दिसले की समजावे, सीटीएसने १९६४च्या बाविसाव्या आठवड्यात केलेला माल. कर्ण्यावर मात्र बऱ्याचदा वर्षाचा एकच आकडा असतो. चार म्हणजे ५४, ६४ की ७४? तिथे पेटीच्या अंगावरचे कापड बघायचे. पिवळसर ट्वीड असेल तर ती पन्नाशीतली, काळे रेक्झिनसारखे आवरण आणि काळी पट्टी असेल तर साठीतली. व्हॉल्व्हवरच्या तारखांना विचारूच नये. ते दिव्याच्या बल्बासारखे बदलले जातात. आणि चॅसिसवरचा क्रमांक? तो क्रमाने वापरलाच गेला नाही, त्यामुळे मोठ्या क्रमांकाची पेटी थोरली की धाकटी हे त्यावरून ठरत नाही.

आता ह्या सगळ्यातून हाती काय लागते ते नीट बघा. कंट्रोल बाविसाव्या आठवड्यातला आहे, म्हणजे पेटी बाविसाव्या आठवड्यातली नव्हे. कंट्रोल डब्यात किती महिने पडून होता कोण जाणे! मूळच्या भागांत जो सर्वांत अलीकडचा, त्याच्या आधीची पेटी असू शकत नाही, इतकेच खात्रीने म्हणता येते. "ह्याच्या आधीची नाही." विद्या इथे हात जोडून थांबते. आणि बाजार नेमका इथूनच पुढे पळत सुटतो.

कारण बाजाराला १९६५ ह्या सालाने झपाटले आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत लिओ फेंडर ह्या गृहस्थांनी आपली कंपनी सीबीएस ह्या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यांची प्रकृती बरी नव्हती. (मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे; स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आमच्या धंद्याचा मला अभिमान वाटतो तो असा.) झाले! विक्रीच्या आधीची ती सोवळ्यातली आणि नंतरची ती ओवळ्यातली, असा धर्मच निघाला. अहो, मालकाने सही केली म्हणून दुसऱ्या दिवशी तांबे बदलले का? डब्यातले कंट्रोल, टेबलावरची डाखणी, आराखड्याचा कागद, सगळे जिथल्या तिथे होते. पुढे बऱ्याच गोष्टी बदलल्या, काही बिघडल्याही, हे मला मान्य आहे. पण त्या बदलल्या त्या हळूहळू, एकेक करून. शालिवाहन शकासारखी एका पाडव्याला सुरू होणारी ही गोष्ट नव्हे.

दोन वर्षांपूर्वी एक बाई डीलक्स रिव्हर्ब घेऊन आल्या. नवरा लग्नसमारंभांतून वाजवत असे, तो गेला. पेटी विकून नातवाच्या कॉलेजला हातभार लावायचा होता. गावातल्या एका दुकानदाराने त्यांना माझ्याकडे धाडले होते. मी उघडून पाहिले. कागदावर शिक्का नव्हता. कंट्रोल १९६४चे. दोन्ही मोठे ट्रान्सफॉर्मर १९६४चे. कर्णाही त्याच सालचा. एक चोक तेवढा होता ६०६५०९. म्हणजे १९६५चा नववा आठवडा, फेब्रुवारीची अखेर. डाखणी कुणी छेडलेली नाही, वर साठ वर्षांची धूळ. बाईंना सहज विचारले, पेटी कधी घेतली? त्या म्हणाल्या, "थोरली सहा महिन्यांची होती तेव्हा. मी ह्यांच्याशी भांडले होते, घरात पाळणा नाही आणि हे काय आणलेत!" थोरलीचा जन्म होता १९६५च्या जानेवारीचा.

दुकानदाराला फोन केला. तो हसला. म्हणाला, "एक चोकच ना? माझ्याकडे ६४चा पडला आहे. तेवढा बदल, आणि चिठ्ठीवर ६४ लिही. बाईंना चार पैसे जास्त मिळतील." हा 'बाईंना' शब्द लक्षात ठेवावा. सज्जन माणसाला खोटे लिहायला लावायचे असले की नेहमी कुणीतरी विधवा, कुणीतरी पोरके मूल पुढे करतात. मास्तरांनीही माझ्या वडिलांना सांगितलेच होते, पोराच्या भल्याचेच आहे म्हणून. त्यात मी कुणाला ठकवत तरी नव्हतो!

मी चोक बदलला नाही. बदलले ते निराळेच, आणि ते ऐकून दुकानदाराचे हसू मावळले. ह्या पेट्यांत चारशे व्होल्टच्या वर दाब खेळतो. तो सांभाळणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाच-सहा दशकांत आतून सुकतात, फुगतात, गळतात. शिवाय त्या काळची वायर दोन पिनांची, अर्थ नाही. आणि वीज व चॅसिस ह्यांच्यामध्ये एक लहानसा कपॅसिटर असतो, तो फुटला तर गिटारच्या तारा म्हणजे विजेच्याच तारा. कारागीर त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, थट्टेने नव्हे. मी तो काढला, तीन पिनांची वायर घातली, सुकलेले कपॅसिटर बदलले. "मूळपणा घालवलास!" दुकानदार ओरडला. त्याच्या गिऱ्हाइकांना 'सगळे मूळचे' हवे असते. मूळचे काय काय हवे? आजोबांचे किडलेले दातही ठेवायचे का कवळीऐवजी? ज्या वस्तूला हात लावला तर जीव जाईल ती जपली असे मी म्हणणार नाही. जुने भाग मी पाकिटात घालून बाईंच्या हवाली केले. ज्याला पूजा करायची त्याने पाकिटाची करावी.

आणि मूळपणाच्याच गोष्टी करायच्या तर एक राहिली. ह्या पेट्यांच्या आत, चॅसिसला, कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा पुष्कळदा सापडतो. त्यावर हाताने लिहिलेले एक नाव असते. ज्या कामगाराने ती पेटी जोडली, त्याचे. बहुतेक वेळा ते बाईचे असते, पुष्कळदा मेक्सिकन वळणाचे. एकेक तार मापून, वळवून, डाख देऊन ह्या बायांनी ही यंत्रे उभी केली, आणि त्यांतली बरीच आजही वाजताहेत. इतक्या वर्षांत किती लोकांनी मला साल विचारले त्याची गणती नाही. नाव कुणाचे आहे, हे एकानेही विचारलेले नाही. बाईंच्या पेटीतही पट्टी होती. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून नाव दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "हिने चांगले काम केले."

चिठ्ठीवर मी लिहिले: 'फेब्रुवारी १९६५च्या अखेरीआधीची नाही. मालकीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्याच वर्षी उन्हाळ्यात विकत घेतलेली. कपॅसिटर व वायर नवी. वाजवण्यास सुरक्षित.' पेटी शेवटी एका वाजवणाऱ्यानेच घेतली, ६४ला जो भाव आला असता त्याहून कमी भावात. हे मला लपवायचे नाही. माझ्या खरेपणाची किंमत त्या बाईंनी मोजली आणि त्याची बोच मला अजून आहे. पण पुन्हा वेळ आली तर मी तीच चिठ्ठी लिहीन.

तो दुकानदार अजून माझ्याकडे कामे पाठवतो. माझा हात त्याला हवा असतो. फक्त आता पेटीबरोबर त्याचीही एक चिठ्ठी येते: 'केवळ दुरुस्ती. वय विचारलेले नाही.'