ऐकणाऱ्याचा अधिकार

तंजावर म्हटले, की मराठी वाचकाला बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आठवतो. याच नगरीने संगीताच्या इतिहासातही एक पान लिहिले आहे. परदेशातून आलेले व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजले, त्यात तंजावरच्या कलावंतांचा मोठा वाटा आहे.

दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांना बालपणी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाचा सहवास लाभला होता. त्यांच्या दरबारात वीणा-मृदंगाबरोबर युरोपीय वाद्येही वाजत. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बाळुस्वामी हे युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले. दीक्षितांचे शिष्य, तंजावरचे वडिवेलू, यांनी तर या वाद्यात असे प्रावीण्य मिळवले, की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. वाद्य तेच राहिले, बैठक मात्र बदलली. वादक मांडी घालून बसू लागला. वाद्याचे एक टोक छातीशी आणि दुसरे पावलावर टेकल्याने डाव्या हाताला ते सावरावे लागेना. तो हात तारेवर मोकळा सरकू लागला आणि गळ्यातली गमके व्हायोलिनमधून उमटू लागली.

हा इतिहास पाहिला, की एक रूढ समज तपासावासा वाटतो. ‘असले संगीत जाणकारांचे, सामान्य माणसाला त्यात काय कळणार?’ असे म्हणून अनेक जण व्हायोलिनचा कॉन्चेर्टो लागताच रेडिओ बंद करतात. कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांचा, बहुधा तीन भागांत चालणारा संवाद. प्रथम ऐकताना तो अनोळखी वाटतो, हे खरे. बीथोव्हनच्या १८०६ मधील कॉन्चेर्टोचा आरंभ तालवाद्याच्या मंद ठोक्यांनी होतो आणि प्रमुख व्हायोलिन कित्येक मिनिटे मौन पाळते. उतावळा श्रोता तेथेच उठून जातो. जो थांबतो, त्याला वाद्यवृंदाने आधी वाजवलेली धून पुढे व्हायोलिनवर भेटते आणि ती ओळखल्याचा आनंद होतो. या आनंदासाठी पांडित्य लागत नाही. पुन्हा ऐकण्याची सोय लागते. ती सोय ध्वनिमुद्रणाने दिली.

१९३२ मध्ये सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युहिन यांनी एल्गार यांचा कॉन्चेर्टो, स्वतः एल्गार यांच्याच संचालनाखाली, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केला. आज ते दोघेही हयात नाहीत. परंतु तो नाद तंजावरच्या एखाद्या गल्लीतही ऐकता येतो. लालगुडी जयरामन (१९३० ते २०१३) यांचे वादनही तसेच जतन झाले आहे.

यावर रसिकांचा एक आक्षेप असतो. ध्वनिमुद्रण निर्जीव असते, तिरुवैयारूच्या उत्सवात समोर बसून ऐकण्याची सर त्याला नाही, असे ते म्हणतात. हे मान्य करावेच लागेल. श्रोत्यांची दाद पाहून वादक जे नवे सुचवून घेतो, ते तबकडीत घडत नाही. पण त्या मंडपापर्यंत पोहोचतो कोण? संध्याकाळच्या पाळीचा कामगार पोहोचत नाही. घर सोडता न येणारी गृहिणीही पोहोचत नाही. शाळेचा वर्ग ज्यांना लाभला नाही, त्यांच्यासाठी जसे पुस्तक, तसेच मैफल न लाभलेल्यांसाठी ध्वनिमुद्रण. ते हवे तेथे थांबते, मागे जाते, तेच दहा वेळा ऐकवते आणि कधी कंटाळत नाही.

मात्र एक अट आहे. हाताने दुसरे काम आणि कानावर संगीत, याला ऐकणे म्हणता येणार नाही. दिवसाकाठी वीस मिनिटे स्वस्थ बसून ऐकले, तर महिनाभरात कान तयार होऊ लागतो. एके काळी हे स्वर ऐकण्यासाठी दरबारात प्रवेश मिळावा लागे. आता दार उघडे आहे. आत जाण्यासाठी हवे आहे, ते थोडे लक्ष आणि थोडा धीर.