आधी इजाजत, मग फोटो

दहावीच्या मुलींना निरोप देण्याचा दिवस आमच्या शाळेत नेहमीच धावपळीचा असतो. २०२५ साली तर फारच. बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती आणि २ मार्चपासून रोजे. म्हणजे बरेचसे पेपर रोजे ठेवूनच द्यायचे. म्हणून हॉल तिकीट, सूचना, दुआ, नाश्ता सगळे एकाच दिवशी उरकायचे ठरले. त्याच सकाळी नववीची गणिताची घटक चाचणीही होती.

नववीतली एक मुलगी त्या दिवशी दप्तराबरोबर कॅमेऱ्याची बॅग घेऊन आली. तिचा मोठा भाऊ जळगावात लग्नाचे फोटो काढतो. बायकांच्या बाजूला त्याला जाता येत नाही, तिथे ही जाते. त्यामुळे हात चांगला बसलेला. "आमचे फोटो तूच काढ," असे दहावीच्या मुलींनी तिला सांगून ठेवले होते. आम्ही बॅग कपाटात ठेवली आणि म्हटले, "आधी पेपर." तिने पेपर लिहिला खरा, पण अर्धे लक्ष खिडकीबाहेर. शेवटची दोन उदाहरणे राहिली ती राहिलीच.

दुपारी मैदानात मुलींच्या रांगा लागल्या. एकटी एक जण नळाजवळ उभी. तिच्या हॉल तिकिटावरचा फोटो इतका काळा आला होता की चेहरा ओळखू येत नव्हता. अशा वेळी नवा फोटो चिकटवून त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्यावा लागतो. म्हणून तिच्या वडिलांना बोलावले होते. डाळ मिलमधली अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते आणि आता लेकीला घेऊन स्टुडिओत निघाले होते. आमची कॅमेरावाली पुढे आली. "चाचा, मी काढते. संध्याकाळी भाई प्रिंट देईल. पैसे नकोत." पांढऱ्या भिंतीसमोर पाच मिनिटांत काम झाले.

मग मैत्रिणींनी हाका मारल्या, ग्रुप फोटोला ये म्हणून. वडील म्हणाले, "हा बोर्डाच्या कामाचा फोटो, ठीक आहे. तो नको. आज इथे काढतात, उद्या कुणाच्याही मोबाईलवर फिरतो."

आम्ही त्यांची समजूत घालायला पुढे झालो, पण तोंडून शब्द निघेना. आदल्या वर्षी एका कार्यक्रमाचे फोटो कुणालाही न विचारता आम्हीच पालकांच्या ग्रुपवर टाकले होते. तिथून ते कुणाच्या तरी स्टेटसवर गेले आणि एका मुलीची शाळा दोन आठवडे बंद झाली. घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा ती परत आली. चूक तिची नव्हती, आमची होती. शिक्षा मात्र तिला झाली.

मुलगीच बोलली. "चाचा, तुम्ही म्हणाल तसंच होईल. पण मी मोबाईलवर कुणालाच देणार नाही. प्रत्येकीला एक कागदी प्रिंट. नंतर कार्ड तुमच्यासमोर रिकामं करते."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग लेकीकडे वळून म्हणाले, "तुला पाहिजे का?" तिने मान हलवली. परीक्षा झाली की ते कुटुंब धुळ्याला राहायला जाणार होते. दहा वर्षांच्या मैत्रिणी इथेच राहणार. "जा, उभी राहा," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी प्रिंट आले. कार्डही त्यांच्यासमोर पुसले गेले.

एका फोटोची किंमत किती असते? फातिमा शेख यांचेच बघा. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात त्यांचे नाव येते. आपण नसताना फातिमावर कामाचा भार पडत असेल, ही काळजी त्यात आहे. एका जुन्या छायाचित्रात सावित्रीबाईंसोबत बसलेल्या बाई त्याच, असे मानले जाते. एवढ्याशा खुणांवर आपल्या मुलींना आज अभिमानाने सांगता येते की आपल्यातलीही एक बाई तेव्हा शाळेत उभी होती. मुलगी शाळेत होती याची खूण राहिली पाहिजे. पण ती तिच्या मर्जीने आणि घरच्यांच्या विश्वासाने राहावी.

म्हणून आता शाळेत आम्ही तीन गोष्टी पाळतो. फोटोआधी मुलीला आणि पालकांना विचारायचे. कुणी नको म्हटले तर कारण विचारायचे नाही आणि तिला वेगळे पाडायचे नाही. फोटो ग्रुपवर न टाकता प्रिंट काढून द्यायचा, मागे नावे आणि साल लिहून. घरातल्या लग्नात, अकीक्यात आपणही हे करून पाहावे. दुसऱ्याचा चेहरा आपल्या मोबाईलमध्ये असतो तेव्हा ती अमानत असते.

ती मुलगी आता धुळ्यात कॉलेजला जाते. फोटो समोरच्या खोलीत लावला आहे, वडिलांनी स्वतः खिळा ठोकून, असे तिच्या अम्मीने फोनवर सांगितले.

आणि आमच्या कॅमेरावालीला त्या चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले. फोटोचे गुण गणितात धरता येत नाहीत. राहिलेली दोन उदाहरणे आम्ही तिला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बसवून सोडवून घेतली. ती कुरकुरली, पण सोडवली.