कणा मोडून घ्यावा काय ?

शेतकऱ्याच्या घरीं बैल बसला तर दुपारच्या आंत गुरांचा डॉक्टर येतो. ट्रॅक्टर बंद पडला तर त्याच सायंकाळीं मिस्त्री येतो. परंतु घरधन्याची कंबर धरली तर सुगी संपल्यावांचून तिची दाद लागत नाहीं. कमरेंतून निघालेली कळ कुल्ल्यांतून, मांडीच्या मागल्या बाजूनें, पोटरींतून थेट पावलापर्यंत उतरते. बसवत नाहीं, वांकवत नाहीं, खोकला आला तरी पायांत वीज चमकल्यासारखें होतें. हें दुखणें ज्यानें भोगलें त्यास अधिक वर्णन सांगावयास नको. डॉक्टर लोक त्यास सायटिका म्हणतात, आयुर्वेदांत गृध्रसी म्हणतात, आणि गांवांत 'नस दबली' किंवा 'मणक्यांत गॅप पडला' एवढ्यावर भागतें. हल्लीं या दुखण्यावरील कायरोप्रॅक्टिक नांवाचा उपचार मोबाईलवरील चित्रफितींतून घरोघर पोंचला आहे. उपचार करणारा रोग्यास मेजावर कुशीवर निजवितो, खांदा एकीकडे व कंबर दुसरीकडे अशी धरून झटका देतो, कट् असा आवाज होतो, आणि रोगी हंसत उठतो. तें पाहून आमच्या भागांतील कित्येक मंडळी शहरांत जाऊं लागली आहेत. ज्यांस शहर लांब पडतें ते बाजाराच्या दिवशीं कोणातरी 'मणके बसविणाऱ्या'च्या हातीं आपली पाठ देतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

ही विद्या मूळची अमेरिकेंतील. आयोवा संस्थानांत मिसिसिपी नदीच्या कांठीं डॅव्हनपोर्ट नांवाचें शहर आहे. तेथें डॅनियल डेव्हिड पामर नांवाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. १८९५ सालीं त्यांनीं हार्वे लिलार्ड नांवाच्या, इमारतीची झाडलोट करणाऱ्या व कानानें मंद झालेल्या माणसाच्या पाठीचा एक मणका हातानें दाबला आणि त्यास ऐकूं येऊं लागलें, असें पामर यांचें सांगणें. १८९७ सालीं त्यांनीं या विद्येची शाळा काढली. १९०६ सालीं परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल त्यांस तुरुंगहि पाहावा लागला. त्यांचें म्हणणें असें कीं, मणका जागचा किंचित् सरकला म्हणजे मज्जातंतूंचा मार्ग अडतो व बहुतेक सर्व रोग त्यांतून उत्पन्न होतात. ही उपपत्ति आजच्या शारीरशास्त्रास मान्य नाहीं. कानाचा तंतु तर मेंदूंतून परस्पर कानाकडे जातो, पाठीच्या कण्याशीं त्याचा संबंधच येत नाहीं !

परंतु उपपत्ति चुकली म्हणून हातची कलाहि खोटी, असें म्हणणें घाईचें होईल. मृगाचें वाहन बेडूक आहे कीं कोल्हा आहे, यावरून पाऊस ठरत नाहीं हें आपण सर्व जाणतों; तेवढ्यानें मृगावर पेरणी करण्याची आपल्या वडिलांची रीत वेडेपणाची ठरत नाहीं. अमेरिकेंतील डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेनें, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननें, या लोकांवर अनेक वर्षें बहिष्कार घातला होता. त्यावर १९७६ सालीं दावा लागला व १९८७ सालीं न्यायालयानें निकाल संस्थेच्या विरुद्ध दिला. तत्पूर्वींच, १९७४ पर्यंत, तेथील सर्व संस्थानांनीं या धंद्यास परवाने देण्याचे कायदे केले होते. इंग्लंडांतहि १९९४ च्या कायद्यानें त्यांची नोंदणी होते. परवाना मिळणें म्हणजे गुण सिद्ध होणें नव्हे, हें आम्ही महसूल खात्यांत आयुष्य घालविल्यामुळें चांगलें जाणतों. पण परवान्याबरोबर शिक्षणाची मर्यादा, दप्तर व जबाबदारी येते, हेंहि तितकेंच खरें.

आतां दुखण्याकडे वळूं. कमरेचे शेवटले दोन मणके व त्यांखालील त्रिकास्थि येथून निघालेल्या पांच मुळ्या एकत्र होऊन ही नस बनते. शरीरांतील ही सर्वांत जाड नस, अंगठ्याएवढी रुंद. चरकसंहितेंत ही कळ कुल्ल्यापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल अशी क्रमानें उतरते असें सांगितलें आहे. म्हणजे दुखण्याची वाट आपल्या वैद्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. तिचें एक मुख्य कारण १९३४ सालीं बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें. दोन मणक्यांमध्यें जी गादी असते तिचें बाहेरचें कडें फाटून आंतील मऊ गर बाहेर येतो, तो नसेच्या मुळास टेंकतो व तेथें दाह होतो. लोक म्हणतात तशी गादी जागची सरकत नाहीं, म्हणून ती झटक्यानें परत 'बसत'हि नाहीं. आणि तो कट् आवाज ? तो बोटें मोडतांना होतो तोच. सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांत एकाएकीं पोकळी उत्पन्न झाल्याचा तो आवाज आहे. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. आवाज मोठा म्हणून गुण मोठा, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या दुखण्याचा एक स्वभाव असा कीं, बहुतेकांचें तें कांहीं आठवड्यांत आपोआप हलकें होतें. बाहेर आलेला गर पुष्कळदां शरीर स्वतःच शोषून घेतें. १९९९ सालीं हॉलंडांतील डॉक्टरांनीं अशा १८३ रोग्यांचे दोन गट करून एकास दोन आठवडे अंथरुणावर ठेविलें व दुसऱ्यास झेपेल तसें हिंडूंफिरूं दिलें. बारा आठवड्यांनंतर पाहतां दोन्ही गटांत शेंकडा ८७ लोकांनीं बरें वाटत असल्याचें सांगितलें. यावरून एक गोष्ट अशी निघते कीं, महिनाभर खाटेवर पडून राहण्यांत विशेष लाभ नाहीं. दुसरी गोष्ट आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे. ज्याच्या हाताखालीं आठवा आठवडा येतो त्यास यश येतें. पहिल्या आठवड्यांत डॉक्टर, तिसऱ्यांत शेक आणि निर्गुडीचा पाला, पांचव्यांत पायाळू माणसाची लाथ, आणि आठव्यांत कायरोप्रॅक्टिक. बरें वाटलें कीं सर्व श्रेय शेवटल्यास! पायाळूच्या लाथेची कीर्ति महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती याच हिशेबावर, असें आम्हांस वाटतें.

मग झटक्याच्या या उपचारांत स्वतःचा कांहींच गुण नाहीं काय ? थोडा आहे. इटलींत कळ नुकतीच सुरू झालेल्या व गादी पुढें आलेल्या १०२ रोग्यांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांस खरा हस्तोपचार केला, निम्म्यांस नुसता देखावा. खऱ्या गटांत शेंकडा ५५ जणांची पायांतील कळ पूर्ण गेली, देखाव्याच्या गटांत शेंकडा २० जणांची. हा फरक लहान नाहीं. पण एका प्रयोगावर इमारत उभारतां येत नाहीं. पुष्कळ प्रयोग एकत्र तोलून पाहणाऱ्यांचा अभिप्राय असा कीं, कंबरदुखीवर हा उपचार व्यायाम व इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचा आहे, वरचढ नाहीं. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसंस्थेनें २०१६ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत हस्तोपचारास जागा दिली आहे, पण व्यायामाच्या जोडीनें. एकट्या झटक्यास नाहीं. आमचेंहि मत तेंच. हात चांगला असेल तर कळ कमी होईल, आणि कळ कमी झाली म्हणजे चालणें व व्यायाम सुरू करतां येईल. एवढाच त्याचा उपयोग. सहा महिन्यांच्या बैठकींचे पैसे आगाऊ मागणाऱ्यास मात्र नमस्कार करून उठावें. विहिरीस पाणी लागण्यापूर्वीं संपूर्ण खोदाईचे पैसे देणारा शेतकरी आम्हीं अजून पाहिला नाहीं.

खरी चिंता निराळीच आहे, आणि तिच्यासाठींच हा लेख. आमच्या ओळखीचे एक बागाईतदार कांदा काढणीच्या दिवसांत पायांतील कळ सोशीत राहिले. पुढें पावलांत बधिरता आली, पायांतील वहाण गळून पडूं लागली. त्यांनीं दवाखाना सोडून बाजारांतील एका मणके बसविणाऱ्यास गांठलें, आणि त्यानें तीन आठवडे ओळीनें त्यांची कंबर मोडली. शेवटीं शहरांत शस्त्रक्रिया झाली, परंतु तोंपर्यंत नस फार काळ दबलेली असल्यानें पाऊल वर उचलण्याची शक्ति पुरती परत आली नाहीं. आज ते बांधावरून चालतांना पाय झटकीत चालतात. पाणी धरावयास गडी ठेवावा लागतो, व दोन एकर जमीन वाट्यानें द्यावी लागली.

तेव्हां कोणतीं चिन्हें दिसतांच कोणाच्याहि हातीं कंबर न देतां मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें. लघवी तुंबली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाहीं, घोड्यावर बसतांना खोगिरास टेंकतो तो भाग बधिर झाला, अगर दोन्ही पायांतील बळ जाऊं लागलें, तर तेथें दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. एका पायाचें पाऊल लुळें पडूं लागणें हेंहि तसेंच गंभीर. याखेरीज ताप येणें, वजन उतरणें, रात्रीं निजल्यावर दुखणें वाढणें, पूर्वीं कर्करोग झालेला असणें, किंवा झाडावरून अगर गाडीवरून पडणें, यांपैकीं कांहीं असल्यास आधीं कण्याचें चित्र काढून घ्यावें. आपल्या देशांत मणक्याचा क्षय अद्याप दुर्मिळ नाहीं. क्षयानें पोखरलेल्या मणक्यास झटका दिला तर काय होईल तें सांगावयास नको. वृद्धांचीं, विशेषतः वृद्ध स्त्रियांचीं, हाडें ठिसूळ असतात. आणि सांधेदुखीवर नांवगांव न सांगतां मिळणाऱ्या पुड्या ज्यांनीं वर्षानुवर्षें खाल्ल्या त्यांचींहि, कारण अशा पुड्यांत पुष्कळदां स्टेरॉईड असतें. मानेस झटका घेण्याच्या वाटेस तर कमरेच्या रोग्यानें जाऊंच नये. मानेंतील रक्तवाहिनी फाटून पक्षघात झाल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत, पण आहेत.

आपल्याकडे या विद्येसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. परदेशांतील महाविद्यालयांत चार वर्षें शिकून आलेला मनुष्य आणि दोन दिवसांच्या वर्गांत झटके शिकलेला मनुष्य, दोघांच्या दारावरची पाटी एकच असूं शकते. जमीन घेतांना आपण सातबारा पाहतों, फेरफार पाहतों, चतुःसीमा पायाखालीं घालतों. कण्याच्या बाबतींत मात्र चित्रफितीवर विश्वास ठेवतों हें नवल आहे. कोठें शिकलांत, किती वर्षें, माझ्या पायांतील शक्ति व स्पर्श तपासल्यावांचून झटका देणार काय, गुण न आल्यास किती दिवसांनीं थांबणार, हे प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. फिजिओथेरपिस्ट आतां बहुतेक तालुक्यांच्या गांवीं मिळतात. त्यांचा अभ्यासक्रम पदवीचा असतो, आणि हस्तोपचार व व्यायाम दोन्ही त्यांस शिकविलेले असतात. आमच्या मतें पहिलें दार तेंच ठोठवावें.

राहिला दुखण्याच्या उगमाचा प्रश्न. २०१८ पासून युरियाची गोणी ५० किलोंऐवजीं ४५ किलोंची झाली, तेवढाच पाठीस विसांवा. इतर खतें, कांदा व धान्य अजून ५० किलोंच्या मापानेंच खांद्यावर चढतें. पाठीवरचा फवारणी पंप भरला म्हणजे वीस किलोंच्या घरांत जातो, आणि तो घेऊन दिवसभर सरींतून चालावें लागतें. खुरपणीस व भातलावणीस दिवसभर वांकून असणाऱ्या स्त्रियांच्या कमरेचा हिशेब तर कोणत्याच पाहणींत येत नाहीं. त्या बोलत नाहींत म्हणून आपण दुखत नाहीं असें धरून चालतों.

आपल्या संघास या बाबतींत कांहीं करतां येण्यासारखें आहे. आठवडी बाजाराच्या दिवशीं महिन्यांतून एकदां शिकलेल्या फिजिओथेरपिस्टास संघाच्या कचेरींत बसवावें, व स्त्रियांसाठीं वेळ निराळी ठेवावी. गोदामांत गोणी उचलण्यासाठीं दोन ढकलगाड्या घ्याव्या. बियाणें व खाद्य यांचीं जीं पोतीं संघ स्वतः भरतो तीं ३० किलोंचीं करावीं. या तीन कलमांचा ठराव आम्हीं चिटणीसांकडे पाठविला आहे. सूचक म्हणून आमची सही आहे, अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.