नायसिन हवे, पण बर्फानंतर

जुलै २०१८मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून गोव्याने परराज्यांतून येणारी मासळी काही दिवस रोखली होती. अशी प्रकरणे उघडकीला आली की, मासळी टिकवण्यासाठी रसायनाऐवजी काही नैसर्गिक द्या, अशी मागणी होते. ती रास्तच आहे. संशोधकांचे त्यावरचे एक उत्तर म्हणजे बॅक्टेरिओसिन. एका जिवाणूने आसपासच्या जिवाणूंना मारण्यासाठी तयार केलेली ही प्रथिने.

त्यांत सर्वांत परिचित नायसिन. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूपासून ते मिळते. चीजमध्ये ते अनेक वर्षे वापरले जाते आणि पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते. लिस्टेरिया या जिवाणूच्या पेशीपटलाला ते भोके पाडते. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भवतींना त्याचा मोठा धोका असतो. त्यामुळे न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या, पाकीटबंद स्मोक्ड सामनसारख्या मासळीत नायसिनचा उपयोग खरा आहे.

बाजारातल्या बांगड्याची गोष्ट वेगळी. बर्फातली मासळी नासवण्यात शेवानेला, स्यूडोमोनास या जिवाणूंचा वाटा मोठा असतो. त्यांच्या पेशीभोवती आणखी एक बाह्य आवरण असते आणि नायसिन सहसा तिथेच अडते. ते आवरण कमकुवत करणारे दुसरे द्रव्य जोडीला दिले तर परिणाम वाढतो, असे प्रयोगांत दिसते. पण मग 'फक्त नैसर्गिक' हा दावा तेवढा सरळ राहत नाही.

शिवाय बांगडा, कुपा उबेत राहिले की त्यांत जिवाणू हिस्टामिन तयार करतात. अंगावर पित्त उठणे, चेहरा लाल होणे, डोके दुखणे हा त्याचा प्रताप. एकदा तयार झालेले हिस्टामिन कालवण कितीही उकळले तरी जात नाही. तेही जिवाणूंनीच बनवलेले, म्हणजे नायसिनइतकेच नैसर्गिक! त्याला रोखायचे तर मासा जाळ्यातून निघाल्यापासून थंड ठेवावा लागतो.

म्हणून सरकारी पैसा आधी बंदरावरच्या बर्फ कारखान्याला, होडीतल्या शीतपेटीला आणि मासळीवालीच्या सावलीतल्या ओट्याला मिळायला हवा. नायसिनचा क्रमांक त्यानंतरचा, तोही मुख्यतः पाकीटबंद मालासाठी. त्या पाकिटावर साठवणुकीचे तापमान 'नैसर्गिक' या शब्दाइतक्याच ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे.