फोर्टनाइटचे दिवस किती?

मुलांनो, आज सुरुवातीलाच माझी एक चूक सांगते. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्ही कान टवकारणार, ठाऊक आहे मला!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचे इंग्रजीचे पेपर तपासत होते. एक प्रश्न असा होता : एका मुलाने १ मार्चला वाचनालयातून पुस्तक नेलं आणि बरोबर एका फोर्टनाइटने परत केलं, तर कोणत्या तारखेला? बहुतेकांनी १६ मार्च लिहिलं होतं. एका मुलीने मात्र लिहिलं, १५ मार्च. मी लाल पेनने फुली मारली.

पेपर वाटले तेव्हा ती टेबलाजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, फोर्टनाइटचे चौदा दिवस ना?"

"अगं, फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा. पंधरवड्याचे पंधरा दिवस. शब्दातच आहे की!" मी म्हटलं. वर्ग हसला. ती मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

घरी गेले, पण चैन पडेना. इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. त्यात 'पंधरवडा' असंच होतं. मग इंग्रजी-इंग्रजी कोश उघडला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : दोन आठवडे. म्हणजे चौदा दिवस! फुली चुकली होती ती माझी.

आता या शब्दाची गंमत बघा. जुन्या इंग्रजीत 'चौदा रात्री' असा शब्दप्रयोग होता. बोलता बोलता तो झिजला आणि 'फोर्टनाइट' उरला. पण दिवस सोडून रात्री का मोजल्या? इंग्रजांचे पूर्वज ज्या जर्मन टोळ्यांतून आले, त्यांची रीतच तशी होती. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने इसवी सन ९८ च्या सुमारास या टोळ्यांविषयी एक पुस्तक लिहिलं. हे लोक दिवस नाही, रात्री मोजतात, अशी नोंद त्याने त्यात केली आहे. 'सात रात्री' म्हणजे आठवडा, यासाठीही इंग्रजीत 'सेनाइट' असा शब्द होता. तो आता जुन्या पुस्तकांतच सापडतो. (काहींना २०१७ साली आलेला खेळ आठवला असेल. त्याच्या नावात याच शब्दावर कोटी केली आहे. स्पेलिंग मात्र वेगळं आहे, पेपरात तसं लिहू नका हं!)

मग आपला पंधरवडा पंधराचा कसा? भिंतीवरचं पंचांग पाहा. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथी. आपला हिशेब चंद्राचा. आणि 'आठवडा' शब्दात तर चक्क आठ बसलेत! दिवस सात असूनही आजी म्हणते, "आठ दिवसांनी ये." सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत बोटं मोजून बघा. दोन्ही सोमवार धरले की आठ बोटं होतात. फ्रेंच लोकही असंच बोलतात. आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'. म्हणजे चूक कुणाचीच नाही, मोजायची रीत वेगळी.

बरं, इंग्रजी बोलणारे सगळे तरी एकसारखं बोलतात का? छे! 'फोर्टनाइट' इंग्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेत मात्र तो फारसा कुणी वापरत नाही, ते सरळ 'टू वीक्स' म्हणतात.

लंडनचा माणूस 'हाफ सेव्हन' म्हणाला, तर किती वाजले? साताचे निम्मे साडेतीन, असं म्हणू नका! 'हाफ पास्ट सेव्हन' मधला 'पास्ट' त्याने गिळला. म्हणजे साडेसात. पण जर्मन भाषेत 'अर्धा सात' म्हणजे साडेसहा, सातव्या तासातला अर्धा. एक लंडनचा आणि एक बर्लिनचा माणूस असे भेटायला निघाले, तर एकजण तासभर ताटकळणार!

'फ्रायडे वीक' ही आणखी एक इंग्लंडची तऱ्हा. येणारा शुक्रवार धरायचा आणि त्यापुढे एक आठवडा जायचं. आणि 'नेक्स्ट फ्रायडे'? सोमवारी कुणी असं म्हणालं, तर काही जण याच आठवड्याचा शुक्रवार समजतात, काही जण त्याच्या पुढचा. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, त्यांच्यातही यावरून घोळ होतात.

सगळ्यांत अवघड शब्द 'बायवीकली'. आठवड्यातून दोनदा, की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात! समजा, एखादी गोळी घ्यायची आहे. पहिल्या अर्थाने चार आठवड्यांत आठ गोळ्या, दुसऱ्या अर्थाने फक्त दोन. चौपट फरक! अशा वेळी अंदाज करून चालेल का?

पण इंग्रजांना हसू नका बरं का. आपण म्हणतो, "परवा." तो गेलेला की येणारा? वाक्य पूर्ण झाल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही!

म्हणून एक सवय लावून घ्या. वेळेचा शब्द ऐकला की लगेच विचारा, "म्हणजे कोणत्या तारखेला? किती वाजता?" परीक्षेचा अर्ज असो, गाडीचं तिकीट असो, नाहीतर डॉक्टरांची चिठ्ठी. विचारण्यात लाज कसली? न विचारता चुकलं तर मात्र नुकसान आपलंच.

आता त्या मुलीचं सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी फळ्यावर लिहिलं, 'फोर्टनाइट = १४ दिवस'. सगळ्यांसमोर म्हटलं, "काल माझं चुकलं. तिचं बरोबर होतं." तिचा पेपर मागून घेतला, फुली खोडली, मार्क दिला. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे आमचा मार्क जाणार?" मी म्हटलं, "नाही रे. शिकवणारीच चुकली, मग तुमचा मार्क कसा कापू?"

मग तिला विचारलं, "तुला गं कसं ठाऊक होतं?"

ती म्हणाली, "ठाऊक नव्हतं, बाई. शब्दाकडे नीट पाहिलं. फोर्टीनमधलं फोर्ट आणि पुढे नाइट."

शब्दातच आहे की, असं मी तिला ऐकवलं होतं. शब्द नीट पाहिला होता तो तिने!

आता तुमच्यासाठी कोडं. आज सोमवार, ३ तारीख. लंडनच्या मित्राचा निरोप आला, 'वेन्सडे वीक, हाफ फोर, दुपारी फोन कर.' तर फोन कोणत्या तारखेला आणि किती वाजता करायचा? आधी बोटं मोजा, मगच खाली बघा!

(उत्तर : बुधवार, १२ तारीख, तिथल्या घड्याळात दुपारी साडेचार वाजता.)