वाचनाची मोजदाद

अलीकडे वाचकवर्गात एक नवीच टूम निघाली आहे. १ जानेवारीस मनुष्य आकडा जाहीर करतो: यंदा बावन्न पुस्तके, यंदा शंभर. मग वर्षभर तो त्या आकड्याच्या पाठीमागे धावतो, वाटेत सुचलेले चार किरकोळ विचार टिपून ठेवतो, आणि ऑक्टोबर उजाडला की आपण ‘मागे पडलो’ म्हणून हवालदिल होतो. गुडरीड्स ह्या संकेतस्थळाने २०११ पासून ही चाल जगभर रूढ केली. वाचन वाढते आहे, मग तुमचे पोट का दुखते, असे आम्हांस कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही पुण्यामुंबईच्या वाचकाकडे पाहून न देता पांढुर्णा व सौंसर येथील मुलाकडे पाहून देणार आहोत.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, व त्यासोबत पांढुर्णा व सौंसर, मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली ह्या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला, परंतु भाषेची स्थिती जुनीच आहे. संत्र्यांच्या बागांतून, बाजारातून, पोळ्याच्या तोरणाखाली मराठी बोलली जाते. शाळेच्या फळ्यावर बहुतेकांस हिंदी भेटते. बाहेरच्या जगास हे गाव गोटमारीपुरते ठाऊक! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या काठी किती जण जखमी झाले, हा आकडा दरसाल वर्तमानपत्रांत येतो. त्याच गावात किती मुले आजीची भाषा वाचू शकतात, हे कोणी विचारीत नाही.

लिपी एकच असल्यामुळे मोठा भ्रम निर्माण होतो. मूल अक्षरे ओळखते, म्हणून त्यास मराठी वाचता येते असे आपण गृहीत धरतो. परंतु मराठी पुस्तकातील ‘शिक्षा’ ते शिक्षण म्हणून वाचते, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न समजते, ‘संसार’ म्हणजे जग समजते. एका पानावर अशी तीन स्थळे आली की त्यास थबकावे लागते, घरात कोणास तरी विचारावे लागते. हे थबकणे हेच त्याचे खरे शिक्षण होय.

आता ह्या मुलापुढे तीस पुस्तकांचा आकडा ठेवून पाहा. ते काय करील? जी भाषा झरझर वाचता येते तीच उचलील. हिंदीतील पुस्तक दोन दिवसांत संपते, मराठीतील तीन आठवडे घेते. हिशेबाच्या वहीत दोघांचीही किंमत एकच. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. मोजदाद दिसते निःपक्षपाती, परंतु तिचा निकाल नेहमी वेगाच्या भाषेच्या बाजूने लागतो, आणि सीमेवर वेगाची भाषा ही शाळेची असते, घरची कधीच नसते. हिंदीशी आमचे भांडण नाही. ती ह्या मुलाचीही भाषा आहे. भांडण आहे ते घरच्या भाषेस मुकाट्याने दाराबाहेर बसविणाऱ्या गणिताशी.

राज्यघटनेत ह्याच १९५६ साली सातव्या दुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात म्हणून प्रत्येक राज्याने झटावे, असे तो सांगतो. त्याचा आग्रह अवश्य धरावा. परंतु कायदा वर्ग उघडू शकतो. पुस्तक उघडणे घराकडेच राहते.

आकड्याचे कैवारी म्हणतात, नेम नसेल तर मनुष्य काहीच वाचीत नाही. हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना नेमाची महती आमच्या समाजास कोणी परदेशातून येऊन शिकवावी अशी स्थिती नाही. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत घरोघर होती. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे, अडले तेथे थांबून अर्थ लावावा. आणि पुढल्या वर्षी पुन्हा तीच पोथी! दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. रोज एक म्हटला तर दोनशे दिवस लागतात, आणि नव्या हिशेबाने जमा होते एक पुस्तक. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या वर्षी त्यांनी ग्रंथ किती वाचले ह्याची नोंद कोणी ठेविली नाही; एक ग्रंथ कसा वाचला हे मात्र आजतागायत लक्षात आहे. जुन्या नेमात मोजले जात असे ते बसणे. नव्यात मोजले जाते ते संपविणे.

वाचताना मनात येणाऱ्या विचारांनी वेळ जातो, अशीही तक्रार कानी येते. ती ऐकून आम्ही थक्क होतो. विचार येऊ नयेत तर वाचावे कशास? न्यायालयात पन्नास निवाड्यांच्या हेडनोटा पाठ करून उभा राहिलेला वकील न्यायाधीशांच्या पहिल्याच प्रश्नास गारद होतो; एक निवाडा मुळापासून वाचलेला टिकून राहतो. पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहण्यात गेलेली घटकाही वाचनातच जमा धरली पाहिजे.

गोमंतकातील वाचकांस हे परके वाटू नये. कोंकणी देवनागरीत लिहिली जाते, रोमीत लिहिली जाते, कन्नड लिपीतही लिहिली जाते. रोमी लिपीवर वाढलेला कोंकणी वाचक देवनागरीतील पुस्तक अक्षर अक्षर लावीत वर्षभरात पुरे करतो, तेव्हा तो आपल्याच भाषेचा दुसरा अर्धा मुलूख पाहून येतो. आकड्याच्या स्पर्धेत तो शेवटचा ठरेल. आमच्या मते पहिला मान त्याचा.

म्हणून पांढुर्णा-सौंसर येथील घरांस आमचे सांगणे एवढेच: पुढल्या आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात एक मराठी पुस्तक लावा. पोथीच असावी असा आग्रह नाही. कथा चालेल, चरित्र चालेल. मुलाने मोठ्याने वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे, अडलेला शब्द वहीत उतरावा, आणि त्याखाली त्या दिवशी मनात आले तेही लिहावे. चार महिन्यांनी पुस्तक एकच झालेले असेल. ती वही मात्र शेजाऱ्यास दाखवावयास हरकत नाही.