माहितीचे चणेफुटाणे

सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्या घरांतून हल्लीं एक नवा उद्योग अखंड चाललेला दिसतो. सकाळचा चहा होतो न होतो तोंच इंटरनेटवर सांपडलेल्या 'मजेदार गोष्टीं'ची देवघेव सुरू होते. एक ताजी वार्ता, एक सिनेमांतील गंमत, शास्त्रांतील एक चमत्कार आणि पाव भाजण्याची एक युक्ति, असा हा मिश्र फराळ असतो. त्याविषयीं कोणीं नापसंती दर्शविली कीं ठराविक उत्तर मिळतें: "कांहीं झालें तरी ज्ञानांत भरच पडते ना?" या उत्तरांतील 'ज्ञान' या शब्दालाच आमची हरकत आहे.

मिश्रणाला हरकत नाहीं. नाना विषय एका पानांत वाढण्याची चाल मराठींत जुनीच आहे. १८६७ सालीं निघालेल्या एका मासिकानें 'विविधज्ञानविस्तार' असें नांवच घेतलें होतें. पण त्या नांवांत विविधतेच्या पाठोपाठ ज्ञान येतें आणि ज्ञानाच्या पाठोपाठ विस्तार. आजच्या चुटक्यांत विविधता तेवढी उरली. गोष्ट 'अबब' पाशीं सुरू होते आणि तेथेंच संपते. 'कां' पर्यंत ती पोंचतच नाहीं.

नमुना म्हणून दिवाळीच्या रात्रीं 'नासानें टिपलेलें' भारताचें तें प्रसिद्ध चित्र घ्या. रंगीबेरंगी दिव्यांनीं लखलखणारा हा नकाशा वर्षानुवर्षें घरोघर फिरत आला आहे. वस्तुतः तें एका रात्रीचें चित्र नव्हेच. अमेरिकेंतील 'नोआ' या संस्थेच्या शास्त्रज्ञानें उपग्रहांच्या निरनिराळ्या वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तें २००३ सालीं रचलें. १९९२ पूर्वींचे दिवे पांढरे, १९९२ मध्यें दिसूं लागलेले निळे, १९९८ मधील हिरवे आणि २००३ मधील तांबडे, अशी त्यांतील रंगांची भाषा आहे. दिवाळीच्या रोषणाईचा फरक अवकाशांतून जवळजवळ दिसतच नाहीं, हा खुलासा नासानें २०१२ सालीं केला. म्हणजे ज्यांत वाढत्या वस्तीचा इतिहास वाचतां आला असता, त्या चित्राची आम्हीं शुभेच्छापत्रिका केली! इतिहास वाचण्यास चित्राकडे दोन मिनिटें पाहावें लागतें. तें पुढें धाडण्यास एक बोट पुरतें.

मनुष्य मेंदूचा फक्त दहावा हिस्सा वापरतो, ही दुसरी लोकप्रिय गोष्ट. २०१४ सालचा 'लूसी' हा सिनेमा तिच्यावरच उभारलेला होता. परंतु मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के असून शरीराच्या शक्तीचा सुमारें २० टक्के खर्च तो एकटा करतो. दहांपैकीं नऊ तास झोपा काढणाऱ्या नोकराला कोणता धनी एवढा पगार देईल? एवढा साधा प्रश्नही कोणाला पडूं नये, यांतच सर्व आलें.

उलट, 'कां' विचारणाराला स्वयंपाकघरही विद्यापीठ होतें. २०२० च्या टाळेबंदींत कित्येकांनीं घरीं पीठ आंबवून पाव भाजले. पीठ कां फुगतें, असें विचारूं लागणारा माणूस १८५७ पासून पाश्चरनें केलेल्या किण्वनाच्या अभ्यासापाशीं जातो. पावाची पाठ तांबूस कां होते, असें विचारणाराला मायार भेटतो. त्यानें १९१२ सालीं दाखविलें कीं साखर आणि अमिनो आम्लें यांच्या संयोगांतून असा रंग उत्पन्न होतो. गोव्याचे पोदेर पूर्वीं माडाच्या सुरेनें पीठ आंबवीत; आणि आमच्या इडलीचें पीठ फुगविण्याचें काम मुख्यतः सूक्ष्म जंतूच करतात. पिठाच्या एका गोळ्यांतून रसायन, जीवशास्त्र आणि इतिहास हीं तिन्ही निघतात. युक्ति सांगणारा मात्र पीठ किती घ्यावें एवढेंच सांगून थांबतो.

"दिवसभर राबलेल्या माणसाला घटकाभर करमणूक नको काय?" असा आक्षेप येईल. अवश्य हवी. चणेफुटाणे खाण्यांत पाप नाहीं. पण त्यांना जेवण म्हणूं नये आणि लेंकरांना त्यांवर वाढवूं नये. आश्चर्य वाटलें म्हणजे समजलें, असें ज्या मुलाच्या मनावर बिंबतें, तें पुढें कोणत्याही अद्भुत वार्तेला मान डोलावतें. २०२० च्या साथींत रामबाण उपायांच्या खोट्या वार्ता याच वाटेनें, याच हातांनीं आणि 'ज्ञानांत भर' याच समाधानानें पसरल्या. दिवाळीचें खोटें चित्र निरुपद्रवी असतें. तें पुढें धाडण्याची संवय निरुपद्रवी नसते.

म्हणून आमची मागणी अगदीं लहान आहे. जो घरांत चमत्कार आणील त्यानें त्याचें कारणही आणावें, आणि तें सांपडेपर्यंत चमत्कार आपल्यापाशींच ठेवावा. या नियमानें पुष्कळ चुटके उंबऱ्याबाहेरच राहतील; पण जे आंत येतील त्यांना ज्ञान म्हणण्यास आमची हरकत उरणार नाहीं.